फलनाशिवाय बी आणि तरीही अनुकूलन: रानटी सपुष्प वनस्पतींचा एक गुंतागुंतीचा मार्ग

विचारलेला प्रश्न असा आहे: काही रानटी सपुष्प वनस्पतींच्या बियांतील भ्रूण फलनाशिवाय तयार होतो, त्यामुळे उगवणारे प्रत्येक रोप जनुकीयदृष्ट्या आईची प्रत असते, मग अशा वनस्पती बदलत्या परिस्थितीशी जुळवून कशा घेतात, आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने त्यांचा मार्ग बंद झाला आहे असे मानायचे का?

माझे उत्तर असे की मार्ग बंद झालेला नसतो, कारण या वनस्पतींनी लैंगिक प्रजनन टाकून दिलेले नसते. त्याच यंत्रणेतील काही पायऱ्या वगळून आणि काही पायऱ्यांची वेळ बदलून त्या बी तयार करतात. मूळ यंत्रणा खाली शाबूत राहते आणि अधूनमधून चालूही होते. अनुकूलनासाठी लागणारी विविधता मुख्यतः अशा तुरळक प्रसंगांतून येते, आणि एखादी जमलेली जुळणी पुढे हजारो बियांमधून जशीच्या तशी पसरवण्याचे काम अलैंगिक बीजनिर्मिती करते. हे समजण्यासाठी बीजांडात नेमके काय बदलते ते आधी पाहावे लागेल.

नेहमीच्या लैंगिक मार्गात बीजांडातील एक महाबीजाणू-मातृपेशी अर्धगुणसूत्री विभाजनाने (मायोसिसने) चार पेशी देते. बहुतेक जातींमध्ये त्यांपैकी तीन नष्ट होतात आणि उरलेल्या एकीपासून भ्रूणकोश घडतो. त्यातील अंडपेशीचा परागातून आलेल्या एका पुंयुग्मकाशी (नर पेशीशी) संयोग होऊन भ्रूण बनतो आणि दोन ध्रुवीय केंद्रकांचा दुसऱ्या पुंयुग्मकाशी संयोग होऊन भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला पोसणारी ऊती, बनते. अलैंगिक बीजनिर्मितीत, म्हणजे ॲपोमिक्सिसमध्ये, या क्रमात दोन मोठे फेरफार होतात. पहिला म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी होत नाही. दुसरा म्हणजे अंडपेशी फलनाची वाट न पाहता भ्रूणाच्या वाटेला लागते. यालाच अनिषेकजनन म्हणतात. निम्मे होणे टळले आणि संयोगही टळला, की गुणसूत्रांचा हिशेब आपोआप बरोबर राहतो आणि भ्रूण आईसारखाच निघतो.

गुणसूत्रसंख्या निम्मी होणे दोन प्रकारे टळते. डँडेलियन (टॅरॅक्सॅकम) या सूर्यफूल कुलातील तणात महाबीजाणू-मातृपेशीच अर्धगुणसूत्री विभाजन अर्धवट सोडते किंवा पूर्णपणे टाळते आणि तिच्यापासूनच पूर्ण गुणसूत्रसंख्येचा भ्रूणकोश बनतो. त्याच कुलातील हिएरॅशियमच्या पिलोसेला गटात, हायपेरिकम परफोरेटममध्ये, रॅनन्क्युलस ऑरिकोमसमध्ये आणि कित्येक गवतांत मात्र मातृपेशीच्या शेजारची एखादी सामान्य कायिक (प्रजननात भाग न घेणारी) पेशी फुगते, भ्रूणकोशाचे रूप घेते आणि लैंगिक मार्गाने आलेल्या पेशींना मागे सारते. सूक्ष्मदर्शकाखाली हा दुसरा प्रकार पाहताना एकाच बीजांडात दोन्ही मार्ग शेजारी शेजारी सुरू झालेले दिसतात, आणि कोणता पुढे जाईल हे कित्येकदा शेवटपर्यंत सांगता येत नाही. लिंबूवर्गातील झाडांत आणि आंब्याच्या काही वाणांत तिसराच प्रकार आढळतो: भ्रूणकोश लैंगिक मार्गानेच बनतो, पण बीजांडाच्या कायिक पेशींतून जादा भ्रूण फुटतात आणि एकाच बीतून अनेक रोपे निघतात. रानटी वनस्पतींच्या उत्क्रांतीच्या चर्चेत पहिल्या दोन प्रकारांचे महत्त्व अधिक असल्याने पुढील विवेचन त्यांच्याबद्दलच आहे.

भ्रूणपोषाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते सर्वसामान्य लेखनात त्याकडे फारच दुर्लक्ष होते. भ्रूण फलनाशिवाय वाढू शकला तरी त्याला पोसणारी ऊती हवीच. डँडेलियन आणि त्याच्या जवळच्या कित्येक प्रजातींमध्ये भ्रूणपोषही आपोआप तयार होतो. परंतु गुलाब कुलातील आणि गवत कुलातील बहुतेक अलैंगिक जातींना भ्रूणपोषासाठी परागकण लागतोच: पराग येतो, ध्रुवीय केंद्रकांचे फलन होते, आणि अंडपेशी मात्र त्यात भाग घेत नाही. अनेक वनस्पतींच्या भ्रूणपोषात आईकडील आणि वडिलांकडील जनुकसंचांचे प्रमाण दोनास एक असणे आवश्यक असते. ते बिघडले तर बी पोकळ राहते. न घटलेल्या भ्रूणकोशामुळे हे प्रमाण सहज बिघडते. काही गवतांनी यावर काढलेला तोडगा फार सुरेख आहे. त्यांच्या अलैंगिक भ्रूणकोशात चारच केंद्रके असतात आणि ध्रुवीय केंद्रक एकच असते, म्हणून एका पुंयुग्मकाशी संयोग झाल्यावर दोनास एक हे प्रमाण पुन्हा जमते. इतर काही जातींत दोन्ही पुंयुग्मके ध्रुवीय केंद्रकांना मिळतात आणि हिशेब त्या मार्गाने पुरा होतो. काही जातींनी असंतुलित प्रमाण सहन करण्याची क्षमता मिळवलेली आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्या वनस्पतीला भ्रूणपोषासाठी पराग लागतो, तिच्यात कार्यक्षम पराग तयार होण्यावर नैसर्गिक निवडीचा दाब कायम राहतो. पराग जिवंत राहिला की त्याच्यामार्फत लैंगिक नातेवाइकांशी संकर होण्याची शक्यताही जिवंत राहते. ज्यांना पराग लागत नाही त्यांच्यात तो हळूहळू निकामी होऊ शकतो, आणि डँडेलियनच्या काही अलैंगिक वाणांत तो तयारच होत नाही.

या विषयाचा इतिहास निरीक्षणातील एका विसंगतीपासून सुरू होतो. इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पती उद्यानात ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका झुडपाची फक्त मादी झाडे होती. ती आज अल्कॉर्निया इलिसिफोलिया या नावाने ओळखली जातात. आसपास नर झाड नसतानाही त्यांना उगवणक्षम बिया धरल्या. जॉन स्मिथ यांनी हे १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९०३ मध्ये डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ राउंकिएर यांनी डँडेलियनच्या कळ्यांचा वरचा भाग धारदार पात्याने कापून परागकोश आणि कुक्षी दोन्ही काढून टाकले, तरीही बिया धरल्या. हा प्रयोग आजही तितकाच उपयोगी आहे आणि त्याला पात्याखेरीज काही लागत नाही.

मधल्या काळात ग्रेगोर मेंडेल या कोड्यात अडकले होते. वाटाण्यावरील निबंध १८६६ मध्ये छापून आल्यानंतर त्यांनी हिएरॅशियमचे संकर केले आणि १८६९ मध्ये त्याबद्दल व्याख्यान दिले. निष्कर्ष वाटाण्याच्या अगदी उलट होते. वाटाण्यात पहिली संकर पिढी एकसारखी आणि दुसरी विविध निघाली होती. येथे पहिल्या पिढीतील मोजके संकर एकमेकांपासून वेगळे निघाले आणि त्या प्रत्येकाची संतती मात्र पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली. आज याचे स्पष्टीकरण सरळ आहे. ज्या झाडांवर त्यांनी काम केले ती अंशतः अलैंगिक आणि अत्यंत विषमयुग्मजी, म्हणजे एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे बाळगणारी, होती. क्वचित एखादी अंडपेशी लैंगिक मार्गाने आलेली असे, तिचे फलन होई आणि नवी जुळणी बाहेर पडे. ती जुळणी पुढे अलैंगिक बियांतून गोठून जाई. मेंडेल यांना ज्या निष्कर्षांनी हैराण केले, त्यांतच विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दडलेले आहे: विविधता तुरळक संकरातून येते आणि तिचे जतन अलैंगिक बीजनिर्मिती करते.

आता अशा वनस्पती मुळात निर्माण कशा होतात ते पाहू. सत्तरहून अधिक कुलांत ॲपोमिक्सिसची नोंद आहे, परंतु भ्रूणकोशामार्फत होणाऱ्या प्रकाराचा मोठा वाटा सूर्यफूल, गवत आणि गुलाब या तीन कुलांत एकवटलेला आहे. या वनस्पती जवळजवळ नेहमीच बहुगुणित, म्हणजे दोनाहून अधिक गुणसूत्रसंच असलेल्या, असतात आणि पुष्कळदा संकरातून आलेल्या असतात. संकराशी असलेले नाते समजणे फारसे अवघड नाही. दोन वेगळ्या जातींचे गुणसूत्रसंच एकत्र आले की अर्धगुणसूत्री विभाजनात त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि लैंगिक बीजनिर्मिती कोसळते. अशा वेळी हे विभाजनच टाळणारी वनस्पती तेवढी बिया देऊ शकते. जॉन कारमन यांनी १९९७ मध्ये याहून पुढचा विचार मांडला: फुलण्याच्या आणि भ्रूणकोश घडण्याच्या वेळा वेगळ्या असलेल्या दोन वंशांचा संकर झाला की एकाच बीजांडात दोन वेळापत्रके एकमेकांवर चढतात आणि काही पायऱ्या मुदतीआधी सुरू होतात. हा विचार आकर्षक आहे आणि अनेक निरीक्षणांशी जुळतो, मात्र तो एकटा सगळी प्रकरणे उलगडतो असे मला वाटत नाही.

बहुगुणितपणाशी असलेल्या नात्याचे एक खास कारण गियान नोग्लर यांच्या रॅनन्क्युलस ऑरिकोमसवरील प्रदीर्घ कामातून पुढे आले. अलैंगिक भ्रूणकोश घडवणारे जनुकरूप (जनुकाचे विशिष्ट रूप) प्रभावी असते, परंतु एकगुणित, म्हणजे एकच संच असलेल्या, युग्मकात ते एकटे असेल तर ते युग्मक जगत नाही. म्हणजे ते पुढच्या पिढीत जायचे तर द्विगुणित परागातून, सामान्य जनुकरूपाच्या सोबतीनेच जाऊ शकते, आणि असा पराग ज्या बीला जन्म देतो ते बी बहुगुणित असणारच. बोकेरा ही प्रजाती याला मोठा अपवाद आहे. तिच्यात द्विगुणित अलैंगिक वनस्पती आढळतात, आणि म्हणूनच संशोधकांना ती इतकी महत्त्वाची वाटते.

मूळ यंत्रणा खाली शाबूत राहते असे वर म्हटले, त्याचा सर्वांत भक्कम पुरावा हिएरॅशियमच्या पिलोसेला गटातून मिळाला. तेथे दोन वेगळी जनुकस्थाने काम करतात: एक अलैंगिक भ्रूणकोश सुरू करते आणि दुसरे फलनाशिवाय भ्रूणवाढ घडवते. किरणोत्साराने गुणसूत्रांचे तुकडे गमावलेली रोपे तपासली असता, पहिले स्थान गेलेल्या रोपांत अर्धगुणसूत्री विभाजन परत आले आणि दुसरे गेलेल्यांत भ्रूणासाठी पुन्हा फलन लागू लागले. दोन्ही गेली तर वनस्पती पूर्णपणे लैंगिक झाली. लैंगिकता नव्याने निर्माण करावी लागली नाही. वरचा अडथळा निघताच ती आपोआप सुरू झाली.

डँडेलियनमधील अनिषेकजननाचे जनुक २०२२ मध्ये ओळखले गेले. त्याच्या नियंत्रक भागात एक लहानसा उड्या मारणारा डीएनए-तुकडा शिरल्यामुळे ते अंडपेशीत चालू होते. एरवी लैंगिक वनस्पतींत ते परागात चालू असते. पिलोसेला गटातही तशाच जनुकाच्या नियंत्रक भागात तशाच प्रकारचा तुकडा सापडला. दोन वेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे जवळजवळ तीच घडामोड झाली, यावरून या बदलासाठी फार मोठी जनुकीय उलथापालथ लागत नाही असे दिसते. ज्या गुणधर्मासाठी थोडाच बदल पुरतो तो पुन्हा पुन्हा उद्भवतो, आणि वंशवृक्षाच्या टोकाटोकांवर विखुरलेला ॲपोमिक्सिस तसाच दिसतो.

आता मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे अनुकूलन होते कसे याकडे वळू. सिरिल डार्लिंग्टन यांनी १९३९ मध्ये असे मत मांडले होते की ॲपोमिक्सिस ही वांझपणातून सुटका असली तरी ती उत्क्रांतीच्या बंद गल्लीत नेणारी सुटका आहे. हे मत अनेक दशके टिकले. संपूर्णपणे अलैंगिक आणि पराग नसलेल्या एखाद्या वाणापुरते ते बहुधा खरेही आहे. पण निसर्गात असा वाण एकटा नसतो. लैंगिक द्विगुणित, अंशतः अलैंगिक आणि जवळजवळ पूर्ण अलैंगिक अशा अनेक रूपांचे जाळे असते, आणि परागाच्या मार्फत ती एकमेकांशी जोडलेली असतात. निर्णय जाळ्यावर द्यायचा असतो, त्यातील एका धाग्यावर नाही.

डँडेलियनचे उदाहरण पाहा. मूळ गुणसूत्रसंख्या आठ. लैंगिक द्विगुणित वनस्पतींत सोळा आणि अलैंगिक त्रिगुणितांत चोवीस गुणसूत्रे असतात. मध्य आणि दक्षिण युरोपात दोन्ही एकत्र वाढतात, उत्तरेकडे त्रिगुणितच राहतात. त्रिगुणितांचा पराग अनियमित असतो, तरी त्यातील काही कणांत एक किंवा दोन पूर्ण संच उतरतात. दोन संचांचा असा कण द्विगुणित लैंगिक झाडाच्या अंडपेशीला मिळाला की नवे त्रिगुणित रोप तयार होते, आणि त्यात वडिलांकडून अलैंगिक बीजनिर्मितीची जनुके आलेली असतील तर त्या दिवसापासून एक नवा अलैंगिक वंश सुरू होतो. प्रत्येक नव्या वंशात लैंगिक समूहातील ताज्या जुळण्या उतरलेल्या असतात. टॅरॅक्सॅकममध्ये वर्णन झालेल्या सूक्ष्मजातींची (वेगळे नाव दिलेल्या स्थिर अलैंगिक वंशांची) संख्या दोन हजारांच्या वर गेली आहे, ती या अखंड निर्मितीमुळेच.

दुसरा मार्ग म्हणजे दोन फेरफारांपैकी एकच घडणे. न घटलेल्या अंडपेशीचे चुकून फलन झाले तर गुणसूत्रसंख्या वाढते. घटलेली अंडपेशी फलनाशिवाय वाढली तर ती निम्मी होते. डायकँथियम आणि बोथ्रिओक्लोआ या गवतांच्या समूहात हार्लन आणि द वेट यांनी या वरखाली होण्याचा अभ्यास केला आणि दाखवले की संख्या वाढणे व घटणे यांच्या आळीपाळीमुळे जनुके गुणसूत्रसंख्येच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जात राहतात. क्षेत्रात काम करणाऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते की शंभर रोपांची पेटी एकसारखी दिसत असतानाही त्यातील दोन-तीन वेगळी निघतात. ती दोषपूर्ण म्हणून काढून टाकण्याची घाई करू नये. अभ्यासाचा खरा विषय बहुधा तीच असतात.

तिसरा मार्ग उत्परिवर्तनाचा. अलैंगिक वंशातही उत्परिवर्तने साठतात आणि काळाच्या ओघात एकाच वंशात उपवंश निर्माण होतात. याखेरीज डीएनएवरील मिथाइल-खुणांतील, म्हणजे जनुकांचा क्रम न बदलता त्यांचे काम बदलू शकणाऱ्या रासायनिक खुणांतील, बदल हा अलीकडचा विषय आहे. अलैंगिक डँडेलियनवर क्षारता, पोषकद्रव्यांची टंचाई किंवा रोगसंरक्षण चेतवणारी रसायने यांचा ताण दिला असता या खुणा बदलतात आणि त्यांतील बऱ्याच पुढच्या पिढीतही उतरतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. ही गोष्ट पक्की आहे. पण हे बदल निसर्गात वनस्पतीच्या फायद्याचे ठरतात आणि अनेक पिढ्या टिकतात असा निष्कर्ष काढण्यात घाई होते, असे माझे मत आहे. संकरातून येणाऱ्या विविधतेच्या तुलनेत मी या मार्गाला सध्या दुय्यम स्थान देईन.

विविधता आली की निवड सुरू होते, आणि येथे निवड वंशावंशांत होते. सोलब्रिग आणि सिम्प्सन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथील डँडेलियनच्या वाणांची तुलना प्रसिद्ध केली. सतत तुडवल्या आणि कापल्या जाणाऱ्या जागेत जास्त बिया लवकर देणारा वाण प्रबळ होता; कमी उपद्रव असलेल्या जागेत कमी बिया देणारा पण दाटीत टिकणारा वाण वरचढ होता. प्रत्येक वाण अलैंगिक असूनही जागेनुसार योग्य वाण पुढे आलेला होता. एका रोपाने परिस्थितीशी जुळवून घेतले नव्हते, समूहाची घडण बदलली होती.

याहून बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातील कॉन्ड्रिला जुन्सिया या तणाचे आहे. आग्नेय ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या शेतांत या त्रिगुणित अलैंगिक तणाची तीन रूपे होती: अरुंद पानांचे, मध्यम पानांचे आणि रुंद पानांचे. त्यांत अरुंद पानांचे रूप सर्वांत जास्त पसरलेले होते. १९७१ मध्ये भूमध्य सागरी प्रदेशातून आणलेली तांबेरा बुरशी तणनियंत्रणासाठी मुद्दाम सोडली गेली. तिचा निवडलेला प्रकार अरुंद पानांच्या रूपावरच प्रभावी होता, आणि ते रूप झपाट्याने घटले. जनुकीयदृष्ट्या एकसारखा समूह रोगापुढे किती असहाय असतो हे यात दिसले. परंतु गोष्ट तेथे संपली नाही, कारण मोकळ्या झालेल्या जागेत बुरशीला दाद न देणारी दुसरी दोन रूपे पसरू लागली. एकसारखेपणाची किंमत एका वंशाने मोजली आणि वंशांच्या विविधतेचा लाभ तणाला मिळाला. तणनियंत्रण करणाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा उघड आहे: अलैंगिक तणावर जैविक नियंत्रण वापरण्याआधी क्षेत्रात किती वंश आहेत ते मोजलेच पाहिजे.

भौगोलिक विस्ताराचा मुद्दा वेगळा विचार मागतो. अल्बर्ट व्हँडेल यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले की अलैंगिक रूपे त्यांच्या लैंगिक नातेवाइकांपेक्षा विस्तृत प्रदेशात आणि विशेषतः उत्तरेकडे आढळतात. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या आणि नंतर मोकळ्या झालेल्या प्रदेशांत हा आकृतिबंध ठळक दिसतो. रॅनन्क्युलस कुप्फेरी या आल्प्समधील जातीची द्विगुणित लैंगिक रूपे पर्वताच्या नैर्ऋत्य भागातच आहेत, तर चतुर्गुणित अलैंगिक रूपांनी जवळजवळ संपूर्ण आल्प्स व्यापला आहे. हिएरॅशियम अल्पिनमची लैंगिक रूपे कार्पेथियन पर्वताच्या पूर्व आणि दक्षिण भागांत, तर त्रिगुणित अलैंगिक रूपे युरोपात इतरत्र आहेत.

याचे कारण काय यावर अजून मतभेद आहेत. सर्वांत सोपे कारण म्हणजे एकाच बीतून वसाहत सुरू करता येणे: रिकाम्या उतारावर पोहोचलेल्या एकट्या रोपाला जोडीदार लागत नाही आणि कीटकांचीही गरज नसते. भ्रूणपोषासाठी पराग लागणाऱ्या जातींना हे लागू पडणार नाही असा आक्षेप घेतला जातो, पण त्यांपैकी बऱ्याच जातींना स्वतःचाच पराग चालतो, त्यामुळे अडचण बरीचशी सुटते. दुसरे कारण बहुगुणितपणाचे: थंडी सहन करण्याची क्षमता ॲपोमिक्सिसमुळे आलेली नसून जादा गुणसूत्रसंचांमुळे आलेली असू शकते. तिसरे कारण संकराचे, कारण संकरामुळे आलेली विषमयुग्मजता लैंगिक पिढ्यांत विरते आणि अलैंगिक बियांत टिकते. हे तीनही घटक निसर्गात एकत्रच येत असल्याने त्यांना वेगळे करणे कठीण आहे, आणि एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्या लेखनाकडे मी सावधपणे पाहतो. रिकाम्या जागेत आधी पोहोचण्याचा लाभ मला तरी सर्वांत वजनदार वाटतो, कारण हा आकृतिबंध बर्फ ओसरलेल्या प्रदेशांत इतका स्पष्ट आहे.

हानिकारक उत्परिवर्तनांच्या साठ्याचे काय, हा आक्षेप येथे योग्यच आहे. हर्मन मुलर यांनी १९६४ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा: लैंगिक पुनर्जुळणी नसेल तर सर्वांत कमी दोष असलेला वंश योगायोगाने एकदा नष्ट झाला की तो परत मिळवता येत नाही, आणि दोषांचे ओझे एकाच दिशेने सरकणाऱ्या दातेरी चाकाप्रमाणे वाढत जाते. तर्क निर्दोष आहे, पण तो संपूर्ण अलैंगिकतेला लागू पडतो. थोड्या प्रमाणात का होईना लैंगिक संतती होत असेल तर हे चाक बरेच मंदावते किंवा थांबते. बहुगुणितपणामुळे दोष काही काळ झाकले जातात, नाहीसे मात्र होत नाहीत. जे वंश खरोखर पूर्णपणे अलैंगिक झाले त्यांतील बहुतेक उत्क्रांतीच्या कालमानाने अल्पायुषी असावेत. त्यांची जागा नवे वंश घेत राहतात म्हणून समूह टिकतो.

ज्यांना स्वतः एखाद्या रानटी जातीत हे तपासायचे आहे त्यांच्यासाठी पद्धतींबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण चुकीचे निष्कर्ष येथे फार सहज निघतात. फूल पिशवीने झाकले आणि बी धरले, एवढ्यावरून ॲपोमिक्सिस सिद्ध होत नाही; ते स्वपरागण असू शकते. उलट परागकोश काढल्यावर बी धरले नाही, म्हणून जाती लैंगिक ठरत नाही. तिला भ्रूणपोषासाठी पराग लागत असेल. संतती एकसारखी दिसते हाही पुरावा अपुरा आहे, कारण दीर्घकाळ स्वपरागण करणाऱ्या वनस्पतीची संततीही एकसारखीच असते. विषमयुग्मजी डीएनए-खुणा (आईत दोन वेगळी रूपे असलेल्या डीएनएच्या जागा) वापरल्या तर हा पेच सुटतो: स्वपरागणात त्या संततीत विभागल्या जातात, अलैंगिक संततीत प्रत्येक रोपात आईसारख्याच विषमयुग्मजी राहतात.

बियांतील डीएनएचे प्रमाण मोजण्याची जी पद्धत मात्झ्क आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये पुढे आणली, तिने हे काम पुष्कळ सोपे केले. लैंगिक बीत भ्रूण आणि भ्रूणपोष यांच्या डीएनएचे प्रमाण दोनास तीन येते, परागाशिवाय बनलेल्या बीत दोनास चार, आणि पराग फक्त भ्रूणपोषासाठी लागला असेल तर सामान्यतः दोनास पाच. पण चार केंद्रकांच्या भ्रूणकोशाची गवते येथे फसवतात. एकच ध्रुवीय केंद्रक असल्याने त्यांच्या अलैंगिक बीतही प्रमाण दोनास तीनच येते आणि ते लैंगिक बीहून वेगळे ओळखता येत नाही. अशा गटात काम करताना बीजांडे पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला पर्याय नाही, मग ते काम कितीही कंटाळवाणे असो. आणखी एक सूचना: बी धरलेल्या अवस्थेत मोजलेले प्रमाण आणि उगवलेल्या रोपांत मोजलेले प्रमाण वेगळे येऊ शकते, कारण काही प्रकारच्या बिया उगवतच नाहीत. दोन्ही मोजावीत आणि कोणते मोजले ते स्पष्ट लिहावे.

शेवटी वर्गीकरण आणि संवर्धन यांबाबत. प्रत्येक स्थिर अलैंगिक वंशाला जातीचा दर्जा द्यायचा की नाही, हा वाद रूबस (ब्लॅकबेरीची प्रजाती), हिएरॅशियम आणि टॅरॅक्सॅकमच्या अभ्यासकांत फार जुना आहे. स्थानिक पातळीवर वंश ओळखण्यासाठी सूक्ष्मजातींची नावे उपयोगी असतात, परंतु त्यांची संख्या लैंगिक जातींच्या संख्येशी तोलू नये एवढे पथ्य मी पाळतो. संवर्धनात हा प्रश्न केवळ नावांपुरता राहत नाही. स्कॉटलंडच्या ॲरन बेटावर गुलाब कुलातील सॉर्बस प्रजातीची अत्यंत मर्यादित विस्ताराची अलैंगिक झाडे आहेत. सॉर्बस ऑक्युपॅरिया आणि सॉर्बस रुपिकोला यांच्या संकरातून सॉर्बस अरानेन्सिस निर्माण झाली, आणि तिचा सॉर्बस ऑक्युपॅरियाशी पुन्हा संकर होऊन सॉर्बस स्यूडोफेनिका निर्माण झाली. येथे केवळ दुर्मीळ झाडांना कुंपण घालून भागत नाही. ज्या सामान्य लैंगिक जातीच्या परागातून नवे वंश निर्माण होतात ती जाती त्याच खोऱ्यांत, त्याच झाडांच्या शेजारी वाढत राहिली पाहिजे, आणि चरणाऱ्या प्राण्यांपासून नव्या रोपांना वाढण्याइतकी सवड मिळाली पाहिजे. अशा समूहांसाठी संरक्षण आराखडा करताना मी दुर्मीळ वंशांच्या यादीबरोबर त्यांच्या लैंगिक पूर्वजांची यादीही मागतो, आणि दोन्हींचे विस्तार एकाच नकाशावर पाहिल्याशिवाय क्षेत्राची सीमा आखू देत नाही.